ट्रान्सप्लांटनंतरची पहिली डोक्यावरून आंघोळ: क्लिनिकच्या पिशवीतलं काय कामाचं, काय नाही

केस बसवून झाले की क्लिनिकमधून निघताना हातात एक पिशवी येते. अंधेरीला करा, दादरला करा नाहीतर ठाण्याला, पिशवीतला ऐवज साधारण तोच असतो: सलाइनचा स्प्रे, शाम्पूची बाटली, कधी सोबत फोम किंवा लोशन, मागच्या बाजूला लावायचं मलम, मानेची उशी, सैल टोपी, कपाळाची पट्टी, गोळ्यांची पाकिटं आणि सूचनांचा एक छापील कागद. काही ठिकाणी हा किट पॅकेजमध्येच धरतात, काही ठिकाणी त्याचे पैसे वेगळे लावतात. शिवाय ‘हेड वॉश’ नावाची सेवा असते: दोन-तीन दिवसांनी परत या, आम्ही डोकं धुऊन देतो. या पिशवीचं आणि त्या सेवेचं हे परीक्षण आहे. आमचं मत आधीच सांगतो. पिशवीतल्या निम्म्या वस्तू कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे मिळतात आणि तितक्याच चांगल्या असतात. पैसे मोजायचेच असतील तर ते क्लिनिकमधल्या पहिल्या धुण्यासाठी मोजा.

असं का, हे कळायला ग्राफ्ट डोक्यावर कशाच्या जोरावर टिकतो ते पाहावं लागेल. ग्राफ्ट म्हणजे एक ते चार केसांचा मुळांसकट काढलेला पुंजका. एफयूई पद्धतीत तो मागच्या बाजूने साधारण ०.८ ते १ मिलिमीटरच्या पोकळ सुईने काढतात आणि पुढे केलेल्या बारीक चिरेत बसवतात. त्याला टाका नसतो. गोठलेल्या रक्ताचा आणि फायब्रिनचा (रक्त गोठताना तयार होणाऱ्या चिकट धाग्यांचा) पातळ थर एवढाच त्याचा आधार. पहिले दोन-तीन दिवस त्याला स्वतःचा रक्तपुरवठाही नसतो, आजूबाजूच्या द्रवावर तो जगतो. म्हणून या दिवसांत त्याला दोन गोष्टी मारतात: कोरडेपणा आणि धक्का.

बर्नस्टाइन आणि रासमन या डॉक्टरांनी २००६ मध्ये याचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. पहिल्या दोन दिवसांत केस ओढला की ग्राफ्ट निघून येत होता. सहाव्या दिवशी नुसता केस ओढून तो निघत नव्हता. पण घट्ट चिकटलेली खपली ओढली तर त्यानंतरही धोका होता, आणि नवव्या दिवसापासून तोही संपला. या एका निष्कर्षावर धुण्याचं सगळं तंत्र उभं आहे. केसापेक्षा खपलीला जपायचं असतं, आणि खपलीला जपायचं म्हणजे ती जाड, कोरडी आणि टणक होऊच द्यायची नाही. ‘नऊ दिवस हातच लावत नाही म्हणजे काही बिघडणार नाही’ असं समजून डोकं न धुणारे लोक नेमकं उलटं करून बसतात. दहाव्या दिवशी त्यांच्या डोक्यावर खपल्यांचं कवच तयार असतं, खाली तेल आणि घाम कोंडलेला असतो, वास येतो, खाज सुटते आणि झोपेत नख लागतं.

सलाइन

पिशवीतली सर्वांत मोलाची वस्तू हीच, आणि बहुधा सर्वांत स्वस्तही. ०.९ टक्के मिठाचं निर्जंतुक पाणी, म्हणजे शिरेतून चढवतात तेच नॉर्मल सलाइन. पहिले तीन दिवस जागेपणी दर अर्ध्या ते एक तासाने बसवलेल्या भागावर फवारायचं. काही डॉक्टर पहिल्या रात्री एक-दोनदा उठायला सांगतात. तसं सांगितलं असेल तर गजर लावा. ओघळ येईपर्यंत फवारायचं नाही, जागा दमट दिसली की पुरे.

किटमधल्या स्प्रेची परीक्षा करायची ती त्याच्या तोंडाची. बाटलीतून धुकं यायला हवं, धार नाही. आरशापासून १५-२० सेंटिमीटरवर धरून एकदा दाबा. काचेवर बारीक ठिपके उमटले तर ठीक, आणि पाणी रेघ होऊन खाली ओघळलं तर ती बाटली इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायला ठेवा. दुसरी घ्या. चांगल्या बाटलीतूनही पहिला दाब कधीकधी पिचकारीसारखा येतो, म्हणून पहिले दोन दाब बेसिनमध्ये मारून मगच डोक्याकडे वळवा.

सलाइन घेताना ५०० मिलीची एक मोठी बाटली घेण्यापेक्षा १०० मिलीच्या चार-पाच घ्या. त्यात टिकवण्यासाठी काही घातलेलं नसतं, त्यामुळे एकदा फोडली की २४ तासांत संपवायची, उरली तर ओतून द्यायची. फवाऱ्याची बाटलीही रोज उकळून गार केलेल्या पाण्याने विसळा. एकच मोठी बाटली फोडून आठवडाभर बाथरूमच्या खिडकीत ठेवायची आणि तेच डोक्यावर मारायचं, यात सलाइन निर्जंतुक असण्याचा अर्थच उरत नाही. घरी मीठ विरघळवून केलेलं पाणी या कामाला नको. मिठाचं प्रमाण चुकतं आणि ते निर्जंतुक नसतं. दिवसभर एसीत बसणार असाल तर अर्ध्या तासाचंच अंतर धरा आणि एसीचा झोत डोक्यावर येऊ देऊ नका. मुंबईच्या दमट हवेत खपली मऊ राहते, पण एसीच्या खोलीत हवेतला तो दमटपणा नसतो.

फोम, लोशन आणि शाम्पू

चांगल्या किटमध्ये धुण्याआधी लावायचा फोम किंवा पँथेनॉल असलेलं पातळ लोशन असतं. काम एकच: खपली भिजवून मऊ करणं. दोन्हींत आम्ही फोमला वरचा क्रमांक देऊ. लोशन खपली छान भिजवतं, पण ते काढायला पाणी जास्त लागतं. पाणी कमी पडलं की चिकट थर राहतो आणि दोन आठवड्यांनी त्या जागी पुळ्या येतात. फोम अलगद बसतो आणि दोन मग पाण्यात निघून जातो.

किटमध्ये फोम नसेल तर वेगळा महागडा मागवू नका. फोम पंपाची रिकामी बाटली घ्या. क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास प्लास्टिकच्या बाटल्यांच्या दुकानांत मिळते, ऑनलाइनही मिळते. तिच्यात एक भाग बेबी शाम्पू आणि चार भाग उकळून गार केलेलं पाणी घाला. दाबलं की मलईसारखा फेस येतो. हे मिश्रण रोज ताजं करा. शाम्पूत पाणी मिसळलं की त्यातले टिकवणारे पदार्थही पातळ होतात आणि बाटलीत जंतू वाढू शकतात.

आता शाम्पू. ‘पोस्ट ट्रान्सप्लांट’ असं छापलेली बाटली आणि बेबी शाम्पू यांची मागची बाजू शेजारी ठेवून वाचा. घटक उतरत्या क्रमाने छापलेले असतात, म्हणून पहिले पाच-सहा वाचले तरी पुरतं. पाण्यानंतर लगेच सोडियम लॉरिल सल्फेट असेल तर पहिले तीन आठवडे नको. कोकामिडोप्रोपिल बीटेन किंवा डेसिल ग्लुकोसाइड यांसारखे सौम्य घटक वर असतील तर चालेल. मेंथॉल, कापूर, निलगिरी, टी ट्री असलेले थंडावा देणारे शाम्पू छान वाटतात, पण त्वचा अजून बधिर असते. आग होतेय हे कळत नाही आणि लाली वाढते. कांद्याचे, कॉफीचे, दाणेदार स्क्रबचे शाम्पू साफ बाजूला ठेवा. सेबामेडच्या बेबी शाम्पूवर पीएच ५.५ लिहिलेला असतो, तो निरोगी त्वचेच्या पीएचच्या जवळ आहे, आणि या कामाला तो किंवा तसा कुठलाही साधा, कमी वासाचा शाम्पू पुरतो. कोंड्यासाठीचा २ टक्के कीटोकोनॅझोल शाम्पू नंतर उपयोगी पडू शकतो, पण डॉक्टरांनी सांगितल्यावर आणि खपल्या पूर्ण गेल्यावर.

शिकेकाई आणि रिठा यांच्याबद्दल बरेच जण विचारतात. शिकेकाई केसांना चांगलीच, पण कितीही गाळली तरी तिची बारीक पूड राहते आणि ती खपल्यांच्या फटींत अडकते. महिन्याभराने खुशाल सुरू करा.

धुणं

पहिलं धुणं कधी, हे तुमचे डॉक्टर ठरवतात. बहुतेक ठिकाणी ते ४८ ते ७२ तासांच्या दरम्यान करतात, काही ठिकाणी दुसऱ्याच दिवशी. त्यानंतर रोज एकदा.

तयारी आधी. नखं मुळापर्यंत कापा, अंगठी आणि कडं काढा, हात साबणाने धुवा. शॉवर वापरायचा नाही. उंच इमारतींत पाण्याला पंपाचा दाब असतो आणि त्या धारेने ग्राफ्ट हलू शकतो. बादली, मग आणि प्लास्टिकचं स्टूल हेच मुंबईच्या बाथरूममधलं सर्वांत योग्य साहित्य. गिझरचं पाणी बादलीत घेऊन त्यात थंड मिसळा, मनगटाच्या आतल्या बाजूवर ओतून बघा. ना गरम ना गार लागलं पाहिजे. टाळू बधिर असल्यामुळे पाणी गरम आहे हे डोक्याला कळत नाही, आणि या काळात टाळू भाजल्याचे प्रकार होतात ते यामुळेच. ६ ते ८ लिटर पाणी पुरतं.

स्टुलावर ताठ बसा आणि घरातल्या कुणाला तरी मागे उभं करा. पहिल्या तीन धुण्यांना दुसऱ्याचे हात हवेतच, कारण स्वतःच्या डोक्याचा पुढचा भाग आरशातसुद्धा नीट दिसत नाही. फोमचे आठ-दहा दाब तळहातावर घ्या आणि बसवलेल्या भागावर टेकवा. पसरवायचं नाही, चोळायचं नाही. हात ठेवायचा आणि उचलायचा, पोळपाटावर पिठी टेकवावी तसा. १० ते १५ मिनिटं तसंच राहू द्या. या वेळात मागची बाजू धुऊन घ्या. तिथे ग्राफ्ट नाहीत, बारीक जखमा आहेत, त्यामुळे बोटांच्या पोटांनी हलक्या हाताने गोल फिरवून शाम्पू लावलेला चालतो. एफयूटी, म्हणजे मागची त्वचेची पट्टी कापून केस काढण्याची पद्धत, झाली असेल तर टाक्यांच्या रेषेवर मात्र नुसता फेस सोडा. टाके साधारण १० ते १४ दिवसांत काढतात.

आता पाणी. पाण्याचा मग डोक्यापासून चार बोटांवर धरायचा आणि पाणी मागच्या दिशेने सोडायचं, म्हणजे ते डोळ्यांत येत नाही. उंचावरून ओतू नका. चार-पाच मग झाले की परत थोडा फेस, परत टेकवणं, परत पाणी. बोट लावल्यावर बुळबुळीतपणा जाईपर्यंत. मागची बाजू टिपून घ्या, पुढच्या भागाला टॉवेल नको. टर्किश टॉवेलच्या लूपमध्ये खपली अडकते. जुना सुती पंचा किंवा निर्जंतुक गॉज दाबून ठेवायचा आणि सरळ वर उचलायचा, किंवा अर्धा तास पंख्याखाली बसायचं. ड्रायर नको. आणि पहिला आठवडा गळ्यातून घालायची बनियन किंवा टी-शर्ट नको, बटणांचा शर्टच घाला. धुणं व्यवस्थित होतं आणि मग बनियन काढताना ग्राफ्ट निघतो, असं खरंच होतं.

सातव्या दिवसापासून थोडा दाब. बोटांची पोटं सपाट ठेवून फेसावरून हलकेच सरकवायची, पिकलेल्या चिकूची साल फाटणार नाही एवढ्याच जोराने. दहाव्या दिवशी खरं काम सुरू होतं. फोम किंवा लोशन २० ते ३० मिनिटं ठेवा, मग बोटांच्या पोटांनी बारीक गोल फिरवा, एका जागी पाच-सहा वेळा, मग पुढची जागा. खपल्या भिजलेल्या पोह्यासारख्या सुटून येतात. सगळ्या एकाच दिवशी काढायच्या नाहीत, दोन-तीन धुण्यांत जाऊ द्या. काही हट्टी राहिल्या तर काही डॉक्टर आदल्या रात्री थोडं बेबी ऑइल लावून ठेवायला सांगतात. चौदाव्या दिवसानंतरही थर असेल तर नखाने उचकटू नका, क्लिनिकमध्ये दाखवा.

या टप्प्यात घाबरवणारी एक गोष्ट हमखास होते. खपलीबरोबर बारीक केस येतो आणि त्याच्या टोकाला पांढरा ठिपका दिसतो. ग्राफ्ट गेला, असं वाटून लोक रात्री दोनला फोन करतात. तो ग्राफ्ट नव्हे. तो केसाचा दांडा आणि त्याच्याभोवतीचं आवरण असतं, मूळ त्वचेखाली शाबूत असतं. खरा ग्राफ्ट पहिल्या दिवसांत निघाला तर त्याला मांसल गर असतो आणि त्या जागेतून रक्त येतं. रक्त आलं तर सलाइनने भिजवलेला निर्जंतुक गॉज १० मिनिटं न हलवता दाबून धरा, मग क्लिनिकला कळवा. निघालेला ग्राफ्ट परत त्या भोकात बसवायचा प्रयत्न करू नका.

पाण्याबद्दल थोडं. महापालिकेचं पाणी भातसा, तानसा, वैतरणा या धरणांचं. शाम्पूला त्याची अडचण येत नाही. अडचण टँकरच्या आणि बोअरवेलच्या पाण्याची, जे उपनगरांतल्या आणि पलीकडच्या कितीतरी सोसायट्यांत टाकीत मिसळतं. पाणी जड असलं की फेस कमी होतो आणि केसांवर पांढरट थर बसतो. मग लोक शाम्पू वाढवतात, चोळतात, आणि घोळ होतो. नळाच्या तोंडाशी पांढरे डाग जमत असतील तर तुमचं पाणी जड आहे. अशा वेळी शेवटचे दोन मग स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी वापरा. पावसाळ्यात पाणी गढूळ दिसलं तर पहिले दहा दिवस सगळंच पाणी उकळून गार केलेलं घ्या.

हेड वॉशची सेवा

हिला आम्ही किटपेक्षा जास्त गुण देतो, पण ती नीट दिली तरच. चांगल्या ठिकाणी धुण्याआधी डॉक्टर स्वतः डोकं पाहतात. धुणारी व्यक्ती हातमोजे घालते, पाणी आधी स्वतःच्या मनगटावर घेते, फेस लावून घड्याळ लावते, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे तुमच्याबरोबर आलेल्या माणसाला शेजारी उभं करून हाताचा दाब दाखवते. दाब कागदावर लिहून कळत नाही. त्या माणसाच्या मनगटाच्या आतल्या बाजूवर तोच दाब देऊन दाखवला तर घरी चूक होत नाही. पहिल्या धुण्याचे पैसे आहेत ते या शिकवण्याचे.

वाईट सेवा ओळखणंही सोपं आहे. सलूनसारख्या बेसिनमध्ये मान टाकून हँड शॉवर सुरू केला, फेस लावून दोन मिनिटांत धुऊन टाकला, चौथ्याच दिवशी खपल्या चोळून ‘साफ’ करून दिल्या, की समजा घाई चालली आहे. त्या दिवशी डोकं छान स्वच्छ दिसतं, आणि खपलीबरोबर काय गेलं हे सहा महिन्यांनी विरळ पट्ट्यात दिसतं. असं होताना दिसलं तर थांबवा. स्पष्ट सांगा, चोळू नका, घरी धुऊ. हा तुमचा हक्क आहे.

ठरवतानाच तीन प्रश्न विचारून ठेवावेत: पहिलं धुणं कोण करणार, ते पॅकेजमध्ये आहे का, आणि रात्री काही झालं तर फोन कोण उचलणार. नॅशनल मेडिकल कमिशनने सप्टेंबर २०२२ मध्ये हेअर ट्रान्सप्लांटबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. नुसती कार्यशाळा पाहून किंवा यूट्यूब बघून हे काम सुरू करता येत नाही, डॉक्टरांचं रीतसर प्रशिक्षण हवं, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. शस्त्रक्रियेनंतरची देखभाल हाही त्या कामाचाच भाग आहे. ज्या डॉक्टरांनी केस बसवले ते दहा दिवसांत एकदाही डोकं पाहत नसतील, तर किटवर कितीही सोनेरी अक्षरं असोत, सेवा कमी पडली.

एक अडचण खास मुंबईची. कल्याण, वसई, पनवेलहून तिसऱ्या दिवशी क्लिनिक गाठायचं म्हणजे डोक्याला धक्का लागण्याची जोखीम. लोकलमधल्या हँडलची रांग नेमकी उंच माणसाच्या कपाळाशी येते. रिक्षात चढताना वरची दांडी लागते, टॅक्सीत दाराची चौकट. पहिल्या आठवड्यात ग्राफ्ट जातात ते जास्त करून अशा आपटण्याने. तेव्हा जायचं तर दुपारी ११ ते ४ मध्ये, गाडी करून, आणि आत बसताना आधी बूड टेकवून मग डोकं आत घ्यायचं. दूर राहणाऱ्यांनी पहिलं धुणं क्लिनिकमध्ये करावं आणि पुढची घरी, व्हिडिओ कॉलवर कुणी बघणार असेल तर उत्तमच. तीन-तीन वॉशसाठी फेऱ्या मारण्याची गरज नाही.

पिशवीतलं बाकीचं

मानेची उशी ठेवा. यू आकाराची, भरीव फोमची. मण्यांची उशी रात्रीत सरकते. पहिले पाच-सात दिवस पाठीवर, डोकं ४५ अंशांवर ठेवून झोपायचं. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी कपाळावर आणि डोळ्यांवर सूज उतरते. बधिर करताना टोचलेलं पाणीच ते, खाली येतं आणि दोन-तीन दिवसांत जातं. कपाळाची पट्टी त्यासाठीच असते, ती भुवयांच्या वर आणि ग्राफ्टच्या खाली बसवायची. बर्फ लावायचा तर कपाळावर, रुमालात गुंडाळून, ग्राफ्टवर कधीच नाही.

टोपी सैल आणि रुंद घेराची असेल तरच कामाची. कॅप घट्ट असते आणि काढताना घासते. हेल्मेट किमान दोन-तीन आठवडे नको, म्हणजेच तेवढे दिवस दुचाकी नको. हेल्मेटशिवाय चालवण्याचा पर्याय इथे नाही.

मलम बहुधा २ टक्के म्युपिरोसिन असतं. मागच्या बाजूला पातळ थर, चार-पाच दिवस. जाड लावलं तर उलट भोकं बुजतात. अँटिबायोटिक आणि सुजेच्या गोळ्या लिहून दिल्याप्रमाणे पूर्ण करा, मनाने कमीजास्त करू नका.

बायोटिनची (केसांसाठी म्हणून देतात त्या जीवनसत्त्वाची) मोठी बाटली किटमध्ये असेल आणि तिचे पैसे वेगळे असतील तर परत करा. शरीरात कमतरता नसेल तर त्याने केस वाढतात याला भक्कम पुरावा नाही. शिवाय जास्त मात्रेतलं बायोटिन थायरॉइडच्या आणि हृदयविकारासाठी करतात त्या ट्रोपोनिनच्या रक्ततपासणीत चुकीचे आकडे दाखवू शकतं. अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्ये तसा इशारा दिला होता. घेत असाल तर तपासणीआधी लॅबला जरूर सांगा.

मिनॉक्सिडिलची, म्हणजे केस वाढण्यासाठी टाळूला लावायच्या औषधाची, बाटली ठेवा, पण उघडू नका. द्रावणात बहुधा अल्कोहोल आणि प्रोपिलीन ग्लायकॉल असतं, ताज्या जखमेवर ते जळजळतं. खपल्या गेल्यावर डॉक्टर सांगतील तेव्हा सुरू करायचं. पीआरपीच्या (स्वतःच्याच रक्तातला प्लेटलेटचा भाग टाळूत टोचण्याच्या उपचाराच्या) सहा बैठकांचं पॅकेज याच दिवशी गळ्यात मारत असतील तर सही करायची घाई नको.

एक गोष्ट पिशवीत नसते आणि असायला हवी: तंबाखू सोडण्याबद्दलचा ठळक कागद. निकोटिनमुळे बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि नव्या ग्राफ्टला रक्त कमी पोचतं. सिगारेट, मावा, गुटखा, सगळ्यांत निकोटिन आहे. किमान दोन आठवडे बंद, आणि खरं तर कायमचं.

पंधरा दिवसांनंतर

दुसऱ्या ते आठव्या आठवड्यात बसवलेले केस गळतात. जवळजवळ सगळे. मुळं विश्रांतीच्या अवस्थेत जातात, शाम्पूचा यात दोष नाही. या भीतीने धुणं कमी करणं ही दुसरी मोठी चूक. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बारीक, कुरळे केस फुटू लागतात, सहाव्या महिन्यात फरक दिसतो, पूर्ण परिणामाला वर्ष लागतं, माथ्यावरच्या भोवऱ्याला त्याहून जास्त. मधल्या काळात नवा केस वर येताना पुळ्या येतात. दोन-चार असतील तर दिवसातून दोनदा कोमट पाण्यात भिजवलेलं स्वच्छ कापड पाच मिनिटं ठेवा, फोडू नका. दहा-वीस एकदम आल्या, दुखत असल्या, तर दाखवा.

तेलाचं आपल्याकडे फार. खोबरेल तेल महिन्याभरापर्यंत नको, आणि त्यानंतरही नुसतं लावायचं, चंपी तीन महिने नाही. शस्त्रक्रिया दिवाळीच्या तोंडावर झाली असेल तर अभ्यंगस्नानाचं तेल-उटणं अंगाला लावा, डोक्याला सुट्टी द्या. उटण्याचे कण शिकेकाईसारखेच अडकतात. विसर्जनाचा गुलाल आणि रंगपंचमीचे रंग पहिल्या दोन महिन्यांत टाळाच. तारीख ठरवतानाच कॅलेंडर बघितलं तर मनाला चुटपुट लागत नाही. तरणतलाव आणि समुद्र महिनाभर नको. पावसाचं पाणी डोक्यावर पडलंच तर घरी येऊन लगेच कोमट पाण्याने धुवा, ओलं डोकं घेऊन टोपी घालून बसू नका. केसांना रंग सहा आठवड्यांनी. न्हाव्याकडे महिन्याने कात्री चालेल, मागच्या बाजूला मशीनही चालेल, पुढच्या भागावर मशीन तीन महिन्यांनी. खुर्चीत बसतानाच सांगा की शेवटी डोक्याचं मालिश नको, नाहीतर सवयीने हात पडतो.

बायकांच्या बाबतीत किटमधला कागद बहुतेक वेळा अपुरा असतो, कारण तो बारीक केस केलेल्या पुरुषांसाठी लिहिलेला असतो. लांब केस न कापता ट्रान्सप्लांट केलं असेल तर जुने केस खपल्यांत गुंततात. धुण्याआधी टोकांकडून रुंद दातांच्या कंगव्याने गुंता काढा, मुळांपासून चार बोटं दूर राहून. फोम भांगाच्या रेषेवर टेकवा आणि पाणी केसांच्या वाढीच्या दिशेनेच सोडा. कंडिशनर फक्त टोकांना. अंबाडा, घट्ट वेणी, क्लचर आणि गजऱ्याची पिन महिनाभर नको, ओढ सरळ मुळावर येते. सैल सागरवेणी मानेपाशी बांधलेली चालते.

पुढच्या भागात काळपट किंवा करडा डाग वाढताना दिसला, पू आला, ताप आला, तिसऱ्या दिवसानंतर दुखणं कमी होण्याऐवजी वाढलं, किंवा लाली कडेने पसरत गेली, तर दुसऱ्या दिवशीच्या वॉशची वाट पाहू नका. त्याच रात्री फोन करा. खिडकीच्या उजेडात दररोज एकाच जागेवरून काढलेले फोटो तुमच्याकडे असतील, तर डॉक्टरांना काल आणि आज यातला फरक लगेच कळतो.